बातमी, चूक आणि दुरुस्ती
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "तू पत्रकार आहेस, पत्रकारितेवर काहीतरी बोल. पण पंधरा-वीस मिनिटांत आवर, नंतर जेवण आहे." वणीकर माणसाला जेवणाची वेळ सांगितली की तो मुद्द्यावर लवकर येतो. मीही येतो.

आपल्या शाळेतला परिपाठ आठवा. प्रार्थना, सुविचार, आणि मग "आजच्या ठळक बातम्या". आठवीत असताना बातम्या वाचण्याची पाळी माझ्याकडे होती. नागपूरहून पेपर यायचा, मी त्यातल्या चार-पाच ओळी वहीत उतरवून आणायचो. एक दिवस पेपर मिळालाच नाही. मी काय केलं? स्वतःच एक बातमी तयार केली. निर्गुडेला पूर येण्याची शक्यता असल्यामुळे उद्या शाळांना सुट्टी जाहीर झाली आहे, असं ठोकून दिलं. टाळ्या पडल्या! त्या वयात इतक्या टाळ्या मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा आलीच नाही. मराठीच्या सरांनी मला मारलं नाही. त्यांनी फक्त इतकंच सांगितलं, "जिथे उभं राहून खोटं वाचलंस, तिथेच उभं राहून, तेवढ्याच मोठ्या आवाजात, खरं वाचायचं. आणि सगळी पोरं हजर असतील त्या दिवशी." तिसऱ्या दिवशी मी थरथरत्या आवाजात वाचलं की परवाची बातमी खोटी होती आणि ती मी रचली होती. टाळ्या पडल्या नाहीत. पत्रकारितेचं माझं शिक्षण त्या दिवशी झालं. पुढे पदविका घेतली, पण तिच्यात याहून जास्त काही नव्हतं. मात्र हे शिक्षण मी पुढे विसरलो. ते कसं विसरलो, हे सांगण्यासाठी आज उभा आहे.

आधी आपल्या गावाचा अभिमान. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म वणीचा, 29 ऑगस्ट 1880 चा. शाळेत आपल्याला ते टिळकांचे अनुयायी, पुसदच्या 1930 च्या जंगल सत्याग्रहाचे नेते, पुढे बिहारचे राज्यपाल म्हणून शिकवले गेले. पण 1918 मध्ये यवतमाळहून 'लोकमत' नावाचं साप्ताहिक त्यांनी काढलं होतं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. त्या काळात इंग्रजांच्या राज्यात वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावी साप्ताहिक काढणं म्हणजे जामीन, जप्ती आणि तुरुंग या तिन्हींची तयारी ठेवणं. टिळकांना 'केसरी'तल्या लेखनासाठी 1897 मध्ये दीड वर्षाची आणि 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली होती, हे त्यांच्या अनुयायांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्यांनी पेपर काढले.

ही झाली स्वातंत्र्याची बाजू. ती आपल्याला पाठ आहे. दुसरी बाजू आपण कमी सांगतो. 1882 मध्ये टिळक आणि आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. ते राजद्रोहासाठी नव्हते. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध त्यांच्या पत्रांत जो मजकूर आला, त्याला आधार असलेली पत्रं बनावट निघाली. अब्रुनुकसानीचा खटला झाला. पत्रं खोटी आहेत हे लक्षात आल्यावर दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. हेतू चांगला होता, छत्रपतींच्या काळजीपोटीच ते लिहीत होते. पण कागद खोटे होते. इतकी मोठी माणसं फसली. फसल्यावर त्यांनी "आमचा हेतू बघा" म्हणून हात वर केले नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता माझं सांगतो.

सन 1997. मी मुंबईची नोकरी सोडून परत आलो होतो आणि एका दैनिकाचा तालुका वार्ताहर झालो होतो. एका पतसंस्थेतल्या गैरव्यवहाराची बातमी हाती आली. पोलिसांच्या कागदावर सात नावं होती. त्यातलं एक नाव आणि आडनाव आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या वडिलांचं होतं. कागदावर वडिलांचं नाव नव्हतं, वय नव्हतं, पत्ता नव्हता. एक फोन केला असता तर कळलं असतं की या नावाचे वणीत दोन गृहस्थ आहेत. पण रात्रीचे नऊ वाजले होते, नागपूरला मजकूर पाठवायचा होता, आणि ही बातमी दुसऱ्या पेपरात आधी येईल ही भीती होती. मी "येथील सेवानिवृत्त कर्मचारी" असं विशेषणसुद्धा जोडून दिलं. ते माझ्या मनातलं होतं, कागदावरचं नव्हतं.

चौथ्या दिवशी खुलासा छापून आला. आतल्या पानावर, एका निविदा सूचनेच्या खाली, तीन ओळी. बातमी पहिल्या पानावर चार स्तंभांत होती.

काका रोज संध्याकाळी टिळक चौकात बसायचे, ते बसेनासे झाले. कोणी त्यांना काही बोललं नव्हतं. लोक फक्त त्यांना पाहून विषय बदलायचे. सहा वर्षांनी ते गेले. मित्र माझ्याशी वीस वर्षं बोलला नाही. मागच्या वर्षी या मेळाव्याच्या तयारीसाठी त्याचा फोन आला. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "अबे, तू दुरुस्ती छापली होती, मी वाचली होती. पण बाबांनी ती वाचलीच नाही. त्यांनी पेपर बंद केला होता."

मित्रा, तू आज इथे बसला आहेस. तुझी परवानगी घेऊन, तुझं नाव न घेता, मी हे सांगतो आहे. तुझ्या वडिलांचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. बातमी चुकीची होती, आणि चूक छापखान्याची नव्हती, पोलिसांची नव्हती, माझी होती. सरांनी शिकवलं होतं की जिथे खोटं वाचलं तिथेच, तेवढ्याच आवाजात, सगळी पोरं हजर असताना खरं वाचायचं. आज सगळी पोरं हजर आहेत. उशीर झाला, पण वाचतो आहे. आणि संयोजकांना विनंती आहे की स्मरणिकेत हा परिच्छेद गाळू नये.

दुसरी चूक याच्या उलट आहे. पहिल्या वेळी खोटं छापलं, दुसऱ्या वेळी खरं छापलं नाही.

आपल्याकडे कोळसा आहे. कोळशाने घरं चालवली, मुलं शिकवली, हे मी नाकारत नाही. पण कोळशाचे ट्रक कसे जातात, हे आपण रोज पाहतो. अशाच एका रस्त्यावरच्या गावातले लोक माझ्याकडे आले. भरलेले ट्रक शाळेसमोरून रात्रंदिवस जातात, ताडपत्री नसते, पोरांच्या डब्यात काळी धूळ पडते. मी गेलो, पाहिलं, फोटो काढले, बातमी लिहिली. त्याच आठवड्यात एका वाहतूकदाराकडून दिवाळी पुरवणीची पूर्ण पान जाहिरात आली. तालुका वार्ताहराला पगार नावापुरता असतो, त्याचं घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, हे इथे बसलेल्या अनेकांना माहीत नसेल. मला कोणी धमकी दिली नाही. वरून फक्त विचारणा झाली, "ती बातमी दिवाळीनंतर घेऊ या का?" मी "हो" म्हणालो. दिवाळी झाली, अधिवेशन आलं, निवडणूक आली. त्या गावचे एक आजोबा बाजाराच्या दिवशी भेटले की विचारायचे, "बातमी आली का जी?" मी म्हणायचो, येईल. मग एका बाजारापासून त्यांनी विचारणं बंद केलं. नमस्कार तेवढा करायचे. त्या नमस्काराची मला आजही लाज वाटते.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस कबुलीजबाब द्यायलाच आला आहे का? शब्द तुम्ही बरोबर निवडलात. कारण या दोन चुकांकडे पाहायला मला ज्यांनी शिकवलं, ते कॅथलिक धर्मगुरू होते.

मुंबईत उपसंपादक असताना मी वसईला भाड्याने राहायचो. घरमालकीण मावशी कॅथलिक, मराठीच बोलणाऱ्या, माळ्याच्या कामातून वर आलेल्या. त्यांच्या घरी दर महिन्याला 'सुवार्ता' नावाचं मासिक यायचं. मला वाटलं, असेल चर्चचं पत्रक. एकदा लोकलमध्ये वाचायला घेतलं आणि वसई रोडपासून चर्चगेटपर्यंत मान वर केली नाही. त्यात प्रार्थना होत्याच, पण विहिरी होत्या, टँकर होते, बागायतीवर उठणाऱ्या इमारती होत्या, गुंडगिरी होती. संपादक होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचे, 1983 पासून सुमारे पाव शतक त्यांनी ते मासिक चालवलं. चार भिंतींतलं धार्मिक मासिक त्यांनी मराठी वाचकांचं मासिक केलं. त्याच काळात हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात ते पुढे होते. वसईत तेव्हा दहशत होती, भर रस्त्यात माणसं मारली जायची. मोठ्या पेपरांचे लोक जपून लिहायचे. हे झगा घातलेले गृहस्थ नाव घेऊन बोलायचे.

मी एकदा मावशींना विचारलं, "फादरना भीती वाटत नाही का?" त्या म्हणाल्या, "वाटत असेल. पण रविवारी ते आम्हाला सांगतात खोटं बोलू नका. मग सोमवारी ते गप्प कसे बसणार?" पत्रकारितेची याहून सोपी आचारसंहिता मी वाचलेली नाही.

मी ख्रिस्ती नाही, आणि चर्चची वकिली करायला उभा नाही. त्याच चर्चने 1559 पासून निषिद्ध पुस्तकांची यादी ठेवली होती आणि ती पार 1966 मध्ये बंद केली. अमेरिकेत बॉस्टन शहरात धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार चर्चनेच दडपले होते. ते 2002 मध्ये 'बॉस्टन ग्लोब' या वृत्तपत्राने बाहेर काढले. म्हणजे सत्याची शिकवण देणाऱ्या संस्थेलाही मोकळ्या वृत्तपत्राची गरज पडली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ज्याला ही गोष्ट बोचते त्यालाच सत्याचा आग्रह धरण्याचा अधिकार येतो.

पण त्या परंपरेने नंतर जो विचार मांडला तो आपल्या कामाचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये माहिती मिळणं हा माणसाचा हक्क मानला. 1971 च्या एका दस्तऐवजात तो अधिक सविस्तर आला. त्याचा मथितार्थ असा, की वृत्तपत्राचं स्वातंत्र्य ही पत्रकाराची मालमत्ता नाही. वाचकाला खरं कळण्याचा हक्क आहे, म्हणून पत्रकाराला मोकळीक आहे. आपल्या राज्यघटनेतही वृत्तपत्रांसाठी वेगळं कलम नाही. कलम 19 मध्ये प्रत्येक नागरिकाला जे भाषण-स्वातंत्र्य आहे, तेच पेपराचं स्वातंत्र्य. म्हणजे मी त्या आजोबांची बातमी दाबली तेव्हा स्वतःचं स्वातंत्र्य विकलं नाही, त्यांचं विकलं. हा फरक कळला तेव्हा झोप उडाली.

जाहिरातीचीच आणखी एक गोष्ट. हॉलंडमध्ये टायटस ब्रान्ड्समा नावाचे एक कार्मेलाइट धर्मगुरू होते. प्राध्यापक होते, पत्रकारही होते. देश हिटलरच्या ताब्यात गेला होता. 1941 च्या अखेरीस हुकूम निघाला की सगळ्या वृत्तपत्रांनी तिथल्या नाझी पक्षाच्या जाहिराती छापल्याच पाहिजेत. बातमी नव्हे, लेख नव्हे, नुसती जाहिरात! वरून पैसेही मिळणार. ब्रान्ड्समा एकेका कॅथलिक संपादकाला जाऊन भेटले आणि बिशपांचा निरोप दिला की नाही म्हणा. साठ वर्षांचा, प्रकृतीने नाजूक माणूस, ऐन हिवाळ्यात गावोगाव फिरला. 19 जानेवारी 1942 ला त्यांना अटक झाली. 26 जुलैला डाखाऊच्या छळछावणीत विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारलं. 2022 मध्ये पोपनी त्यांना संत म्हणून घोषित केलं. त्यांनी एका जाहिरातीला नकार देऊन मरण पत्करलं, आणि मी एका जाहिरातीसाठी आजोबांना "येईल, येईल" म्हणत राहिलो, तेही कोणी बंदूक रोखली नसताना. तुलना करायची माझी लायकी नाही. पण मोजपट्टी माहीत असलेली बरी.

आपल्या जिल्ह्यालाही असाच एक प्रसंग पाहावा लागला. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग ते निमंत्रण मागे घेतलं. त्या काय बोलतील याची धास्ती वाटली. शेवटी उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर उभ्या राहिलेल्या एका भगिनीच्या हस्ते झालं. त्यांनी जे दुःख मांडलं ते कोणालाही रद्द करता आलं नाही. पुढच्याच वर्षी उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले फादर दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. पाठीच्या दुखण्याने ते बेजार होते, तरी गेले आणि विचारस्वातंत्र्याबद्दल स्पष्ट बोलले. 25 जुलै 2024 ला ते गेले. त्या दिवशी मला मावशींचं ओटीवरचं ते मासिक आठवलं.

पत्रकाराला किंमत मोजावी लागते, हे जुन्या काळाचं सांगणं नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराला गाडीखाली चिरडलं. तोही तुमच्या-माझ्यासारखा तालुक्याच्या गावचा वार्ताहर होता. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा आपल्या विधिमंडळाने 2017 मध्येच मंजूर केला होता. कायदा हवाच. पण छोट्या गावात वार्ताहराला खरं संरक्षण गावच देऊ शकतं.

आणि दुसरीकडे, आता प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. आपल्या तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या पावसाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचा निरोप फिरला. कुठल्या तरी परराज्यातला जुना व्हिडिओ, खाली आपल्या भागातल्या गावाचं नाव. आपल्यातल्या अकरा जणांनी तो पुढे पाठवला. मी मोजले, सवय आहे. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना लोकांनी ठेचून मारलं होतं. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी खोट्या बातम्यांवर एक संदेश काढला होता. त्यात त्यांनी बायबलमधल्या सर्पाचं उदाहरण दिलं. सर्प सपशेल खोटं बोलत नाही, खऱ्यात थोडं खोटं मिसळतो, म्हणून ते पटतं. आपल्याकडे दूधवाला तेच करतो, फक्त पाण्याने कोणी मरत नाही.

म्हणून मित्रहो, तीन मागण्या मागतो आणि खाली बसतो.

पहिली, निरोप पुढे पाठवण्याआधी एक फोन करा. 1997 मध्ये मी जो केला नाही, तो. दुसरी, चुकलात तर त्याच ग्रुपवर, तेवढ्याच ठळकपणे सांगा. नुसता निरोप पुसून टाकू नका, कारण ज्यांनी वाचला त्यांच्या मनातून तो पुसला जात नाही. तिसरी, आपल्या तालुक्यातला एखादा तरुण वार्ताहर तुमच्या ओळखीच्या माणसाविरुद्ध खरी बातमी घेऊन आला, तर त्याच्या मालकाला फोन लावू नका. तुमच्यातले काही जण आता कंत्राटदार आहेत, काही पदाधिकारी आहेत, काही जाहिरातदार आहेत. त्याची बातमी खोटी असेल तर खुलासा मागा, कोर्टात जा, तो तुमचा हक्क आहे. पण खरी असेल तर तिला येऊ द्या.

त्या गावची बातमी मी शेवटी दिली. तेरा वर्षांनी, दुसऱ्या पेपरात, नव्या फोटोंसह. ट्रक तेच होते, शाळेची भिंत तेवढी नवी होती. कात्रण घेऊन मी आजोबांच्या घरी गेलो. ते नव्हते. सुनेने कात्रण घेतलं, वाचलं आणि देवळीत त्यांच्या फोटोमागे ठेवलं. "बाबा विचारत होते बरेच दिवस," एवढंच म्हणाली.

सर, आज तुम्ही इथे पहिल्या रांगेत बसला आहात. आठवीतली ती पाळी माझ्याकडे पुन्हा आली, असं समजून मी बोललो. आवाज पुरेसा मोठा होता की नाही, ते तुम्ही सांगायचं.